‘बंद’ या शब्दाचा पंचनामा

तहसील कचेरीच्या फाटकासमोर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल गेली सव्वीस वर्षे आहे. या काळात साहेब किती आले आणि किती बदलून गेले याची नोंद मी ठेवलेली नाही. टेबल मात्र हललेले नाही. मी अर्जनवीस आहे. लोक मला मुन्शीजी म्हणतात. निजामाच्या अमदानीपासून आमच्या भागात लिहिणाऱ्याला हाच शब्द आहे, आणि ही गोष्ट मी नव्या वकिलांना प्रसंगी ऐकवत असतो.

या व्यवसायाने मला एक गोष्ट शिकवली. समोर बसलेला मनुष्य पहिले वाक्य खरे बोलत नाही. तो वाईट असतो असे नव्हे. पण ते वाक्य त्याने घरून येताना पाठ केलेले असते, आणि पाठ केलेल्या वाक्यावर माझा विश्वास नाही. म्हणून मी ते लिहूनच घेत नाही. चहा मागवतो, जुने कागद चाळतो, पेनाचे टोपण घासत बसतो. समोरचा कंटाळला की मग जे बोलतो त्यातून अर्ज निघतो.

माझ्या शिक्षणाविषयी लोकांत काही गैरसमज आहेत, ते येथेच दूर करतो. दहावीला मला इंग्रजीने अडवले. दोन वेळा अडवले. दुसऱ्या वेळी माझी उत्तरपत्रिका बदलली गेली असावी, असा माझा शुबा आजही कायम आहे. परंतु पुढे नोटिसा, हुकूम आणि कराराचे कागद वाचून जे इंग्रजी मी कमावले, ते उत्तीर्ण झालेल्यांच्या इंग्रजीपेक्षा अधिक उपयोगी पडले. तालुक्यात कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो शेवटी माझ्या टेबलावर येतो. याच वाटेने एका लाँचच्या इंजिनाचे पुस्तक माझ्याकडे आले.

बीड जिल्हा आणि लाँच हे दोन शब्द शेजारी वाचून परगावचा वाचक हसेल. हसू द्यावे. आमच्या तालुक्यात धरण आहे, आणि पाण्याच्या पलीकडे अशी काही गावे आहेत की तेथून रस्त्याने येण्यास अर्धा दिवस जातो व पाण्यावरून अर्धा तास. आमच्या मच्छीमार सोसायटीने कोकणातून एक जुनी लोखंडी लाँच मालमोटारीवर घालून आणली. मासळी, माणसे, शेळ्या, दुधाच्या किटल्या, एकदा तर वरातीचा अख्खा बँड, सगळे तिच्यातून जाते. तिचे इंजिन डिझेलवरचे, समुद्रासाठी बनवलेले. सोबत इंग्रजी पुस्तक होते. त्यातील ‘इंजिन सुरू होत नसल्यास’ हे प्रकरण मराठीत उतरवण्याचे काम सोसायटीने मला दिले. मी ते तीन दिवसांत दोन पानांत, ठळक अक्षरात उतरवले. सोसायटीने त्यांवर प्लास्टिक चढवून ती चालकाच्या केबिनमध्ये टाचण्यांनी लावली. खाली माझी सही आहे आणि सहीखाली ‘अनुवादक’ हा शब्द आहे. पुढे दोन वर्षे कोणाचीही तक्रार आली नाही.

तक्रार आली ती सोसायटीचे अध्यक्ष पाण्यात पडल्यावर.

अध्यक्ष हे मोठे बागायतदार, राजकारणातले वजनदार गृहस्थ. मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमासाठी ते पलीकडे निघाले होते. काठावरून लाँचवर टाकलेल्या फळीवर त्यांचा एक पाय होता, दुसरा लाँचच्या कडेवर पडायचा होता, तेवढ्यात चालकाने चावी फिरवली आणि इंजिन सुरू होता होताच लाँच पुढे उसळली. फळी निसटली. अध्यक्ष छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले, हातात नारळ तसाच धरलेला. जमलेल्यांपैकी काही हसले. कोण हसले याची यादी अध्यक्षांनी त्याच दिवशी तोंडी तयार केली, असे मला सांगण्यात आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सचिव माझ्या टेबलाशी आले.

“मुन्शीजी, चार वळी लिहा. लाँचवाल्याला कामावरून कमी करावं, असा सभासदांचा अर्ज. उद्या चार वाजता मीटिंग हाय. सह्या तयार हायेत.”

“अर्जाच्या आधी सह्या?”

“कोऱ्या कागदावर घेतल्यात. तुमचा वेळ वाचावा म्हणून.”

माझा वेळ वाचावा म्हणून ज्यांनी ज्यांनी काही केले, त्यांच्याविषयी मला नेहमीच अधिक माहिती काढावीशी वाटते. मी सचिवांसाठी चहा मागवला. ते घड्याळ पाहत होते. मी पेनाचे टोपण घासले. मग हळूहळू कळले की सचिवांचा मेहुणा गेले काही महिने पलीकडच्या काठावर लाँच चालवणे शिकतो आहे.

“तेचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई,” सचिव म्हणाले.

“मी संबंध विचारला नव्हता,” मी म्हणालो.

“तुमी लई खोलात जाता, मुन्शीजी. मानूस दारू पिऊन चावी फिरवतो, कांडी बघत न्हाई. एवढंच लिव्हायचंय.”

कांडी म्हणजे चालकाच्या उजव्या हाताचा दांडा. तो पुढे ढकलला की लाँच पुढे जाते, मागे ओढला की मागे, आणि मधोमध ठेवला की इंजिन नुसते घुमते, लाँच जागची हलत नाही. हे मी अनुवाद केल्यामुळे मला माहीत होते, आणि ते मी सचिवांना समजावून सांगितले. ते ऐकून घेऊन निघून गेले. अर्जाचा मजमून मी त्या दुपारी तयार केला, पण सह्यांच्या कागदांवर उतरवला नाही. जागा पाहिल्याशिवाय मी कोणाच्या पोटावर पाय आणणारा अर्ज लिहीत नाही. आणि मेहुण्याची गोष्ट मला बोचत होती.

त्याच दुपारी चालक स्वतः आला. चाळिशीचा, काटक मनुष्य. त्याचे वडील मेंढरे राखत. ज्या माळावर राखत तो आज पाण्याखाली आहे आणि त्याच पाण्यावरून हा लाँच नेतो. तो खुर्चीवर बसला नाही.

“मुन्शीजी, माझ्यावर अर्ज लिहायलाव म्हनं?”

“कोणी सांगितले?”

“च्यावाल्यानं.”

चहावाल्याची नोंद मी मनात करून ठेवली.

“दारू प्यायला होतास?”

“न्हाई.”

“सोडलीस का?”

“सोडाया आधी धरावी लागती, मुन्शीजी.”

“मग कांडी मधोमध न ठेवता चावी का फिरवलीस?”

“मधोमध ठिवली की सुरूच होत न्हाई. पुढं ढकलावी लागती, मग चावी, अन् इंजिनानं धरलं की लगी मागं वढायची. महिना झाला, नवा स्विच बसवल्यापासून आसंच चालवायलाव. रोज सांगतो लोकास्नी, आधी बसा मग सुरू करतो. त्या दिशी अध्यक्ष बसायच्या आधीच सचिव वरडले, कर की बे चालू! म्हनून केलं.”

येथे मी त्याला पकडले. पुस्तक माझ्या हाताखालून गेले होते. त्यात स्वच्छ लिहिले आहे की कांडी मधोमध असेल तरच इंजिन सुरू होईल. कांडी पुढे किंवा मागे असेल तर चावी फिरवूनही काही होणार नाही, कारण त्यासाठी कांडीखाली एक लहानसा सुरक्षा-स्विच बसवलेला असतो. हा मनुष्य नेमके उलटे सांगत होता. पुस्तकाच्या उलट बोलणारा माणूस माझ्या दृष्टीने अर्धा दोषी असतो.

“तुझ्या केबिनमध्ये जे पान लावले आहे ते वाचले आहेस काय?”

“वाचलंय. तुमचंच हाय न्हवं?”

“मग त्यात काय लिहिले आहे?”

“त्यातलंच तर केलंय म्हनं गावातल्या वायरमननं, स्विच बसवताना,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “लाँच गेली तर मला अन् बायकूला कोयता घिऊन उसात जावं लागल, मुन्शीजी. पोरीची शाळा हितंच ऱ्हाईल अन् आमी कारखान्याच्या फडावर. तुमी एकदा येऊन बगा. उद्या सकाळी. मी मामाला बलवलंय, परळीचे वायरमन हायेत.”

आपल्या बाजूने साक्षीदार बोलावणाऱ्या माणसाकडे मी दुहेरी संशयाने पाहतो. तरी गेलो.

मामा नावाने ओळखले जाणारे ते वृद्ध गृहस्थ परळीच्या वीज केंद्रात आयुष्यभर तारांमध्ये वावरून निवृत्त झाले होते आणि आता आमच्या गावी मुलीकडे राहत. कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी ते तिच्यावर फुंकर मारीत. तिकडे सगळ्यावर कोळशाची राख बसते, त्याची ही सवय. धरणावर राख नाही, तरी त्यांनी बॅटरीवर फुंकर मारली, चावीवर मारली, आणि मी पुढे केलेल्या वहीवरही मारली.

“आपले आणि चालकाचे नाते काय?” मी आरंभीच विचारले.

“पान्याचं.”

“म्हणजे?”

“तेचा माळ बुडाला, माजं शेत बुडालं. एकाच पान्यात. आनखी काय नातं पायजे?”

उत्तर चतुर होते. चतुर उत्तरे मी वहीत अधोरेखित करतो.

सकाळचे ऊन पाण्यावर पसरलेले होते. बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. लाँचमध्ये डिझेलचा आणि जुन्या मासळीचा वास. मी एका पेटीवर रुमाल अंथरून बसलो आणि मामांना सांगितले की प्रत्येक तपासणी क्रमाने व्हावी आणि मी लिहून घेतल्याशिवाय पुढची होऊ नये. पंचनाम्याची हीच रीत आहे.

“लिव्हा,” मामा म्हणाले. “पयली बॅटरी.”

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा क्षार फुलला होता. मामांनी तो खरवडून काढला, नट आवळले, केबिनचा दिवा लावला. दिवा झक्क लागला. कांडी मधोमध ठेवून चावी फिरवली. काही नाही, टकसुद्धा नाही.

“बॅटरी निर्दोष,” मी लिहिले. चालक माझ्या वहीत डोकावत होता. मी वही कलती केली.

मग फ्यूज. मामांनी तो काढून उन्हाकडे धरला, आतली तार अखंड होती. मग चावीचा स्विच. त्यांच्याकडे एक मीटर होते, त्याच्या दोन टोकदार तारा. दोन्ही टोकांमध्ये विजेला वाट मिळाली की ते पीं असे वाजते. चावी फिरवल्यावर ते वाजले.

“बोललं,” मामा म्हणाले. “चावी बराबर.”

“हे यंत्र खरे बोलते कशावरून?” मी विचारले.

मामांनी दोन्ही टोके एकमेकांना लावली, पीं. दूर केली, गप्प. “आता तुमच्या पेनाला लावू का? बगू, पेन खरं बोलतं का.”

चालक हसला. मी तेही लिहून ठेवले.

नंतर मामा पालथे पडून कांडीच्या खाली गेले. तेथे आगपेटीच्या निम्म्याने असेल एवढा तो सुरक्षा-स्विच होता, महिन्यापूर्वी गावातल्या तरुण वायरमनने बदललेला. जुन्याला दोन टोके होती, नव्याला तीन. कांडी मधोमध आली की तिचा खालचा दात या स्विचची कळ दाबतो. मामांनी कांडी मधोमध ठेवून मीटर लावले. मीटर गप्प. कांडी पुढे ढकलली. पीं.

“उलटं हाय,” मामा आतून म्हणाले. मग त्यांनी तारेचा एक लहानसा तुकडा घेतला, कांडी पुन्हा मधोमध आणली आणि तो तुकडा स्विचच्या दोन टोकांवर धरला. “चावी मार रे.”

“थांबा!” मी उभा राहिलो. “उघड्या तारेने हे करणे कायदेशीर आहे काय? माणसाला झटका बसला तर पंच म्हणून माझी सही आहे!”

“बारा व्होल्ट हाय, मुन्शीजी. गुदगुल्या बी व्हायच्या न्हाईत. मार चावी.”

इंजिन खडखडून सुरू झाले. लाँच जागेवर थरथरत राहिली. एक वीतही पुढे गेली नाही. चालकाने इंजिन थांबवले. मग त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात जे होते ते मला आवडले नाही.

मामा बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “लिव्हा. मधोमध आसताना ह्यो स्विच बंद व्हायला पायजे, तर उघडायलाय. म्हनून सुरू होत न्हाई.”

मी पेन खाली ठेवले. एकाच वाक्यात स्वतःच्या विरुद्ध बोलणारे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले आहेत, परंतु इतक्या शांतपणे बोलणारा पाहिला नव्हता.

“स्विच बंद व्हायला पाहिजे?”

“व्हय.”

“आणि बंद झाल्यावर इंजिन सुरू होणार?”

“बंद झाल्यावरच सुरू होनार.”

“मामा, आपण नक्की कोणाच्या बाजूने बोलता?”

“करंटच्या,” मामा म्हणाले. मग त्यांना माझी अडचण समजली असावी. त्यांनी तीच तार वाकवून तिचे हातातल्या कड्यासारखे गोल केले, तोंड थोडे उघडे ठेवून. “हे बगा. ह्ये कडं उघडं हाय. इज हितवर येती अन् थांबती. आता दोनी टोकं जुळवली. कडं बंद झालं. आता इज गोल फिरती, मशीन चालतं. आमच्या कामात बंद म्हंजे हे. कडं बंद. दुकान बंद न्हवं.”

“पण घरात आपण दिवा बंद करतो, तेव्हा...”

“तवा कडं उघडतं, मुन्शीजी. घरची बोली येगळी, तारंची येगळी. आमाला पयल्याच म्हैन्यात सायबानं ह्येच शिकवलतं.”

मी केबिनच्या भिंतीकडे वळलो. प्लास्टिकमागे माझे अक्षर होते, आडव्या रेघा सरळ, वेलांट्या भरीव. दुसऱ्या पानावर चौथी ओळ: ‘कांडी मधोमध असताना हा स्विच बंद असणे आवश्यक आहे, अन्यथा सुरक्षितता राहणार नाही.’ इंग्रजी शब्द मला आठवला. क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे बंद. कचेरीच्या दारावर टांगतात तो शब्द. त्याचा दुसरा काही अर्थ असू शकेल असा संशय मला, जगातल्या प्रत्येक गोष्टीचा संशय घेणाऱ्याला, त्या तीन दिवसांत एकदाही आला नव्हता.

तरी मी इतक्यात मानले नाही. मला वाटले, हा कट आहे. चालकाने मामांना बोलावले, मामांनी हा बंद-उघडाचा घोळ रचला, आणि सगळे बोट आणून ठेवले माझ्या ओळीवर. मी खिशातून मोबाइल काढला आणि ज्या तरुण वायरमनने नवा स्विच बसवला होता त्याला फोन लावला. मुद्दाम आवाज मोठा ठेवला, म्हणजे दोघांच्या चेहऱ्याकडे पाहता येईल.

“लाँचचा तो लहान स्विच तू कशाच्या आधारे जोडलास?”

“तुमच्या कागदाबरहुकूम जोडलाय की, मुन्शीजी! मधोमध आसताना बंद पायजे, म्हनून टेस्टर लावून बंद केला. खरं सांगू का, मला बी नवल वाटलं. मधी ठिवल्यावर बंद, अन् गेअरात चालू, ह्ये कावून आसं? पर म्हनलं, खाली सही मुन्शीजीची हाय. मुन्शीजी चुकतेत व्हय? सेफ्टीचं कायतरी आसंल.”

“ठीक आहे,” मी म्हणालो.

“काय झालं का, मुन्शीजी?”

“काही नाही. काम चालू ठेव.”

त्या दोघांचे चेहरे तसेच होते. संशय घ्यावा असे काही त्यांत मला सापडले नाही, आणि मी शोधले होते.

मामांनी स्विचच्या एका टोकावरची तार काढून तिसऱ्या टोकाला लावली. मोजून दोन मिनिटांचे काम. कांडी मधोमध, चावी, इंजिन सुरू. इंजिन थांबवले. कांडी पुढे, चावी, काहीच नाही. पुस्तकात लिहिले होते तसे. मी यांत्रिकपणे लिहून घेत होतो, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्या पानाच्या टाचण्यांकडे जात होती. चारच टाचण्या. मामांना वाचनात रस नव्हता. वायरमनला आपण कागदाप्रमाणे केले एवढेच ठाऊक. कागद नसेल तर उरतो तो नुसता त्याचा शब्द. आणि मीटिंगला अजून बराच वेळ होता.

चालक कांडी पुसत होता. मान वर न करता तो म्हणाला, “वाऱ्यानं उडून गेलं म्हनायचं का, मुन्शीजी? हितं वारं लई आसतं.”

मी वही मिटली आणि उठलो. पान मात्र तेथेच राहिले.

चार वाजता सोसायटीच्या खोलीत सभा भरली. अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कोरडे. सचिव उजव्या हाताला, पुढ्यात सह्यांचे कोरे कागद. सभासद सतरंजीवर. चालक दाराच्या चौकटीला टेकून बाहेरच उभा. त्याला आत बोलावलेले नव्हते. मी वाटेत एका पानाचे निवेदन तयार केले होते. माझ्या सव्वीस वर्षांच्या अनुभवातून तयार झालेली अशी ती रचना होती, आणि मी ती खड्या आवाजात वाचली: ‘प्रत्यक्ष स्थळ-पाहणीअंती असे निदर्शनास येते की, मूळ इंग्रजी पुस्तकाच्या अनुवादात काही अंशी राहिलेल्या संदिग्धतेमुळे सुरक्षा-स्विचच्या जोडणीत विपर्यास घडून येऊन त्यायोगे उपरोक्त अप्रिय घटना उद्भवली.’

सभासदांनी माना डोलावल्या. अशा वाक्यावर माना डोलतात, हे मला माहीत आहे. त्यासाठीच ती लिहिली जातात.

सचिव घाईने म्हणाले, “म्हंजे कुनाचाच दोष न्हाई. बरं झालं. पर अध्यक्ष, दोष कुनाचा नसला तरी पानी तर अंगावर आलंच ना? कुनीतरी जबाबदार पायजे. चावी तेच्याच हातात होती. मुन्शीजी, तुमचं निवेदन जोडा अर्जाला. अर्ज तसाच ठिवू.”

अध्यक्षांनी विचार केला. “बरोबर आहे,” ते म्हणाले.

मी पाहिले की माझ्या वाक्याने सगळ्यांना वाचवले होते, एक सोडून. त्यात कोणीच माणूस नव्हता, म्हणून बोट पुन्हा फिरून त्याच एका माणसाकडे गेले, कारण खोलीत नाव असलेला दोषी तेवढाच होता.

दारातून चालकाचा आवाज आला.

“अध्यक्षसाहेब, एक इचारू का? ती संदिग्धता म्हंजी कोन?”

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिले.

“कुठल्या गावची हाय? तिनं केलंय म्हनता, तर तिला बलवा की हितं. मला तर रोज बलवायलाव.”

एक म्हातारा सभासद आधी हसला. मग सतरंजीवर बरेच जण हसले. अध्यक्ष हसले नाहीत. पण त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले.

“मुन्शीजी. हे साधं करून सांगा. कोणी केलं?”

मी कागद खाली ठेवला. आजवर हजारो अर्जांत मी ‘अर्जदार’ लिहिले, ‘निम्नस्वाक्षरीकार’ लिहिले, ‘सदर इसम’ लिहिले. स्वतःविषयी सरळ लिहिण्याची वेळ आलेली नव्हती, आणि हातही तसा वळेना. मी ते वाक्य एका रेघेने खोडले आणि त्याखाली लिहिले: ‘बंद हा शब्द मी चुकीचा लिहिला. कडे जुळलेले असावे असे लिहावयास हवे होते. वायरमनने माझ्या लिहिण्याप्रमाणे जोडले. चालकाचा दोष नाही.’ मग तेच वाचून दाखवले. माझा आवाज पहिल्या वाचनाच्या वेळेइतका खडा नव्हता.

सचिवांनी मेहुण्याविषयी नव्हे, पण पलीकडच्या काठाविषयी काहीतरी सुरू केले आणि अर्ध्यात सोडले. अध्यक्ष म्हणाले, “मुन्शीजी, तुम्ही पाडलं होय मला पाण्यात?” आणि मग, बहुधा आपण काय बोललो ते ऐकून, ते स्वतःच हसले. “राहू द्या त्याला कामावर. पुढचा विषय घ्या.”

चालक आत आला. त्याने माझ्यापुढचा कागद उचलला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचला. शेवटपर्यंत गेला, पुन्हा वर आला आणि एका शब्दावर बोट थांबवले.

“ह्यो ‘मी’ कोन?”

“मी म्हणजे मी,” मी म्हणालो. “ज्याने लिहिले तो.”

“आज तुमी हितं बसलाव म्हनून. उद्या कागद दुसऱ्याच्या हातात गेला तर तो म्हनल, मी म्हंजे लाँचवाला. चावी माझ्या हातात होती म्हनून मीच.” त्याने कागद माझ्यापुढे परत ठेवला. “नाव लिव्हा, मुन्शीजी. बापाचं बी लिव्हा. आन् धंदा.”

सव्वीस वर्षे मी हेच लोकांना सांगत आलो होतो. ‘मी’च्या पुढे कंसात मी माझे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, धंद्यापुढे ‘अर्जनवीस’ लिहून थांबलो, आणि त्याचे बोट अजून हलत नाही हे पाहून ‘व अनुवादक’ एवढे वाढवले. त्याने ते पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाला, “आता हीच दुसरी एक परत करा. ही सोसायटीला ऱ्हाऊ द्या, ती मला.”

मी दुसरी प्रत लिहू लागलो. तो शेजारी उभा राहून प्रत्येक ओळ पहिल्या प्रतीशी ताडून पाहत होता, आणि बाहेर काठावर पलीकडे जाणारी माणसे लाँचवाल्याच्या नावाने हाका मारीत होती. “थांबा की बे,” त्याने दाराकडे तोंड करून ओरडून सांगितले, “मुन्शीजी लिहायलेत.”